धान घरी येण्यापूर्वी : घराच्या रंगाची निवड

पावसाळा ओसरू लागला की भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी दोन कामे एकाच वेळी दाराशी येऊन उभी राहतात. बांधीतील हलके धान पिवळे पडू लागते आणि दिवाळी जवळ आल्यामुळे घराच्या भिंती रंगविण्याची लगबग सुरू होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. साहजिकच भिंतींच्या पायथ्याशी ओल चढते, पोपडे सुटतात, कवेलूंच्या छपराखालच्या कोपऱ्यांत बुरशी धरते. अशा घराला वर्षातून एकदा रंगाचा हात देणे हे केवळ शोभेचे काम नसून घराच्या निगेचे व कुटुंबाच्या आरोग्याचे काम आहे.

परंतु रंग कोणता लावावा, याचा विचार बहुधा दुकानात उभे राहून, डब्यावरील छटा पाहून केला जातो. ज्या खोलीत मुले निजतात, चूल पेटते आणि वर्षभराचे धान्य साठविले जाते, त्याच खोलीच्या भिंतीला हा रंग लागणार आहे, याचे स्मरण त्या वेळी राहत नाही. शहरातील घरात रंगकाम चालू असता कुटुंब दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. शेतकऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरात तशी सोय नसते आणि धानाची पोती तर कुठेच हलविता येत नाहीत. यास्तव रंगाची निवड करताना प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे त्यातून निघणारा वास व वाफ, दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीची जात, आणि छटेचा विचार त्यानंतर.

रंगातून वाफ का निघते?

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. पहिला, रंग देणारी भुकटी. दुसरा, ती भुकटी भिंतीला धरून ठेवणारे बंधक द्रव्य. आणि तिसरा, हे मिश्रण पातळ करणारा द्रव. भिंतीवर रंग वाळतो तेव्हा हा तिसरा घटक हवेत उडून जातो. चुना, डिस्टेंपर किंवा इमल्शन यांत हा द्रव मुख्यतः पाणी असतो. ऑइल पेंटमध्ये मात्र तो खनिज तेलापासून काढलेला टर्पेंटाइन अथवा थिनर असतो. रंगविलेल्या खोलीत जो उग्र दर्प येतो तो याच द्रवाच्या वाफेचा होय.

ही वाफ कोंडलेल्या खोलीत श्वासावाटे शरीरात गेल्यास डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, मळमळ होणे, चक्कर येणे असे त्रास होतात. दम्याचा विकार असलेल्यांना, लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तिच्यापासून विशेष जपले पाहिजे. दुसरा धोका आगीचा. ही वाफ ज्वालाग्राही असते. बंद खोलीत ती साठली असता जवळच चूल पेटविली किंवा पणती लावली, तर पेट घेण्याची भीती असते. काही ठिकाणी रंग स्वस्तात पातळ करण्यासाठी रॉकेल मिसळण्याची चाल आहे. तिच्यामुळे रंग नीट वाळत नाही, दर्प अधिक दिवस टिकतो आणि आगीची भीतीही वाढते. ही चाल सर्वथा सोडून द्यावी.

तिसरी हानी धान्याची. तांदूळ भोवतालचा वास लवकर शोषून घेतो, हे प्रत्येक गृहिणीला अनुभवाने ठाऊक आहे. ताज्या ऑइल पेंटच्या खोलीत तांदळाची कोठी किंवा धानाची पोती ठेवल्यास तो दर्प धान्याला लागण्याचा संभव असतो आणि शिजविल्यावर तो भातातही जाणवतो. वर्षभर खावयाचे किंवा बाजारात विकावयाचे धान्य असे बिघडू देणे परवडण्यासारखे नाही.

पाण्यात मिसळणारा रंग म्हणजे पूर्णपणे निर्धोक, असेही मात्र समजू नये. इमल्शनमध्ये रंगाचा थर नीट जमावा म्हणून आणि डबा नासू नये म्हणून काही द्रव्ये घातलेली असतात. त्यांची थोडीबहुत वाफ निघतेच. तथापि ऑइल पेंटच्या मानाने तिचे प्रमाण पुष्कळच कमी असते आणि हवा खेळती ठेवल्यास ती लवकर निघून जाते.

भिंत पाहून रंग

मातीच्या भिंतीला सर्वांत योग्य रंग मातीचाच. पांढऱ्या मातीने भिंती पोतारणे, खाली गेरूचा पट्टा ओढणे आणि जमीन शेणाने सारवणे ही आपली जुनी रीत आहे व ती शास्त्राला धरून आहे. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि ती हवेत सोडून देते. तिच्यावर प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंटचा थर दिला की ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग थराच्या आत पाणी साठते, फुगे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात रंग मातीच्या कवचासकट गळून पडतो. मातीच्या भिंतीसाठी पांढरी माती, गेरू, पिवळी माती किंवा चुना यांहून अधिक खर्च करणे म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणे होय.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे महात्मा गांधींसाठी १९३६ साली उभारलेली घरे माती, बांबू आणि कवेलू यांचीच होती. बापूकुटीच्या भिंतींवर चरख्याची व झाडांची चित्रे मीराबेन यांनी मातीतच उठविली. वेळोवेळी लिंपण केल्याने त्या भिंती आजही टिकून आहेत. मातीच्या घराचे आयुष्य भारी रंगावर नव्हे, तर वेळच्या वेळी केलेल्या निगेवर अवलंबून असते, हा धडा त्यावरून घेता येईल.

विटांच्या व चुन्याच्या अथवा सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीला आतून चुन्याची सफेदी, डिस्टेंपर किंवा कमी वाफेचे इमल्शन चालते. चुन्याच्या भिंतीला चुनाच उत्तम. बाहेरच्या, पावसाचा मारा सोसणाऱ्या सिमेंटच्या भिंतीला सिमेंट पेंट उपयोगी पडतो. तो भुकटीच्या रूपात मिळतो, पाण्यात कालवून लावतात, त्यामुळे त्यात थिनरची वाफ नसते. मात्र तो चुन्याच्या जुन्या थरावर धरत नाही. आधीचा चुना खरडून, भिंत धुऊन व ओलसर करून मगच तो लावावा आणि नंतर त्यावर पाणी शिंपडून तो पक्का होऊ द्यावा. भुकटी कालविताना नाकातोंडावर फडके बांधावे.

भिंत ओली असेल तर कोणताही महाग रंग तिच्यावर टिकणार नाही. प्रथम ओलीचे कारण शोधावे. फुटलेली कवेलू बदलावीत, पागोळ्यांचे पाणी पायथ्याशी मुरत असल्यास चर काढून ते दूर न्यावे आणि भिंतीला टेकून रचलेला शेणखताचा अथवा मातीचा ढीग हलवावा. ही दुरुस्ती हाच अर्धा रंग आहे.

चुन्याची सफेदी करण्याची रीत

चुना हा वाफरहित रंगांत सर्वांत जुना व स्वस्त रंग. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेवर भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी मिळाले की तो विरतो. भिंतीवर लावल्यानंतर हा विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीचेच रूप धारण करतो. म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्यावर बुरशी सहसा वाढत नाही. धान्याच्या खोलीला चुना देण्याची रूढी यामुळेच हितावह ठरली आहे.

कृती अशी करावी. ५ किलो कळीचा चुना घ्यावा व त्यासाठी २५ लिटर पाणी योजावे. पाणी आधी लोखंडी पिंपात किंवा सिमेंटच्या टाक्यात घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये, कारण तो उकळून अंगावर उडतो. पातळ प्लॅस्टिकची बादली या उष्णतेने वितळू शकते, म्हणून ती वापरू नये. मिश्रण काठीने ढवळून २४ तास झाकून ठेवावे, नंतर स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. त्यात दर लिटरला २ ते ४ ग्रॅम या प्रमाणात डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळावा, म्हणजे सफेदी हाताला कमी लागते. शुभ्रपणासाठी किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ घालावी. वरील ५ किलो चुन्याला १५ ग्रॅम नीळ पुरे. पिवळट किंवा तांबूस छटा हवी असल्यास पिवळी माती किंवा गेरू घालावा. ही मातीची रंगद्रव्ये चुन्याच्या तीव्रतेत टिकतात, इतर पुष्कळ रंग त्यात फिके पडतात.

भिंत झाडून, जुने पोपडे खरडून, पाण्याचा हलका हबका मारावा. कुंचल्याचा पहिला फटकारा वरून खाली, दुसरा खालून वर, आणि तो ओला असतानाच तिसरा उजवीकडून डावीकडे व चौथा परत, असा एक हात पुरा करावा. हात पातळ द्यावा व तो वाळल्यावरच दुसरा द्यावा. नव्या भिंतीला तीन हात लागतात, जुन्या भिंतीला एक किंवा दोन पुरतात. जाड थर एकदाच दिल्यास तो तडकून पापुद्रे सुटतात. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक इमल्शन लावलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, हेही ध्यानात असावे.

चुना निसर्गातला असला तरी सौम्य नाही. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीला गंभीर इजा होऊ शकते. विरविताना व छताजवळ काम करताना चष्मा वापरावा, हातांना तेल किंवा हातमोजे असावेत आणि मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत चुना गेलाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान पाव तास सतत धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.

शेणापासून तयार होणारा रंग

शेणाने घर सारविण्याची कल्पना नवी नाही. तिला कारखान्याच्या रंगाचे रूप मात्र अलीकडे मिळाले. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या जयपूर येथील कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेने शेणाचा उपयोग करून डिस्टेंपर व इमल्शन असे दोन प्रकारचे रंग सिद्ध केले. १२ जानेवारी २०२१ रोजी त्यावेळचे सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ‘खादी प्राकृतिक पेंट’ या नावाने ते बाजारात आणले गेले. त्या वेळी डिस्टेंपरची किंमत लिटरला १२० रुपये व इमल्शनची २२५ रुपये ठेवण्यात आली होती. शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखे जड धातू त्यात नाहीत, असे त्या वेळी आयोगाने जाहीर केले. छत्तीसगड राज्यातही २०२१-२२ च्या सुमारास याच संस्थेच्या तंत्राने शेणाचा रंग बनविण्याचे काम गावोगावच्या गोठाणांतील बचत गटांनी हाती घेतले होते.

या संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे त्या जे. सी. कुमारप्पा यांचे कार्य विदर्भातलेच. १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस होते. गावातील कच्चा माल गावातच कामी यावा, हा त्यांचा आग्रह होता. शेणाचा रंग हे त्या विचाराचेच एक फळ म्हणता येईल.

तरीही शेतकऱ्याने दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. हा रंग म्हणजे घरच्या शेणाचे पातळ सारवण नव्हे. शेण पाण्यात कालवून, बारीक घोटून, पांढरे करून त्यात रंगद्रव्ये व बंधक द्रव्ये मिसळावी लागतात. ते यंत्रसामग्रीचे व प्रशिक्षणाचे काम आहे. दुसरी गोष्ट जमिनीची. बांधीला दरसाल शेणखताची गरज असते आणि शेण हे तिचे अन्न आहे. शेण विकून किंवा रंगासाठी देऊन हाती येणारा पैसा आणि कमी पडलेल्या शेणखतापायी विकत घ्यावे लागणारे खत, यांचा हिशेब मांडूनच निर्णय करावा. गावात जनावरे पुष्कळ असून शेण उकिरड्यावर वाया जात असेल, तेथे बचत गटाला हा उद्योग विचार करण्याजोगा आहे.

डबा विकत घेताना

तयार रंग घ्यावयाचा झाल्यास दुकानदाराच्या शब्दावर न राहता डब्यावरील मजकूर वाचावा. सर्वप्रथम शिशाविषयीची नोंद पाहावी. रंगात पूर्वी चकाकीसाठी व लवकर वाळण्यासाठी शिशाची संयुगे घालीत. शिसे शरीरात साठून राहते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची बाधा आणते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये, आणि तसा उल्लेख डब्यावर असला पाहिजे. उत्पादकाचे नाव, पत्ता व उत्पादनाची तारीख नसलेला सुटा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

त्यानंतर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे काय ते पाहावे. डब्यावर ‘व्हीओसी’ ही अक्षरे असल्यास ती हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांची होत. त्यांचे प्रमाण लिटरमागे ग्रॅममध्ये दिलेले असते. हा आकडा जितका लहान तितका रंग घराला बरा. आतल्या भिंतीच्या बिनचकाकी रंगासाठी हरित इमारतींच्या मानकात लिटरमागे ५० ग्रॅम ही मर्यादा धरली जाते, ती ध्यानात ठेवण्यास सोपी आहे. नुसता ‘नैसर्गिक’ किंवा ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही. डब्याला सुगंध असणे हीही कमी वाफेची खूण नव्हे, सुवासाने दर्प झाकला जातो इतकेच.

दारे, खिडक्या आणि जुना रंग

लाकडाला सहसा ऑइल पेंटच लावतात. घरातील दारे-खिडक्या शक्य असल्यास काढून अंगणात, सावलीत रंगवाव्यात व दर्प गेल्यावरच बसवाव्यात. आज पाण्यात मिसळणारे लाकडाचे रंगही मिळतात. याशिवाय आपल्या जिल्ह्यात धानानंतर बांधीत जवस पेरतात, त्या जवसाचे तेल लाकडाला उत्तम. लाकूड घासून, पुसून, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. अर्ध्या तासाने वरचे जादा तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि काही दिवस वाळू द्यावे. तेल भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

जुन्या दारावरील रंगाचे थर खरडताना विशेष सावधगिरी हवी. कित्येक वर्षांपूर्वीच्या थरांत शिसे असण्याचा संभव असतो. कोरडे घासल्यास त्याची धूळ उडते, दिव्याने जाळल्यास विषारी धूर होतो. म्हणून पाणी लावून ओलेच खरडावे, खाली जुने कापड अंथरून सर्व खरड गोळा करावी आणि हात धुतल्यावाचून अन्नाला स्पर्श करू नये. रंग धड चिकटून असेल तर तो न खरडता त्यावरच नवा हात देणे अधिक सुरक्षित.

ही खरड गोठ्याकडे मुळीच जाऊ देऊ नये. गुरांना रंगाचे पापुद्रे व डबे चाटण्याची खोड असते. शिशाची विषबाधा झालेले जनावर आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, दात खाते, थरथरते आणि पुष्कळदा दगावते. रंगाचे रिकामे डबे पेंड भिजविण्यास, पाणी पाजण्यास किंवा बियाणे ठेवण्यास वापरू नयेत. कुंचले विहिरीपाशी, बोडीत किंवा तलावात धुऊ नयेत. ज्या तलावांच्या पाण्यावर धान पिकते व मासे वाढतात, त्यांत थिनर ओतणे म्हणजे गावाच्याच ताटात ते वाढणे होय.

रंगाचे वेळापत्रक

कामाचा क्रम धान घरी येण्याच्या दिवसावरून उलटा मोजावा. या भागातून पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो, हलके धान त्याच सुमारास कापणीला येऊ लागते आणि भारी धान नोव्हेंबरमध्ये. म्हणून सप्टेंबरातच कवेलू, पागोळ्या व गिलाव्याची दुरुस्ती आटोपावी. उघाड मिळताच प्रथम धान्याच्या खोलीला चुन्याचे हात द्यावेत. निजण्याची खोली त्यानंतर आणि ओसरी सर्वांत शेवटी घ्यावी. ऑइल पेंट लावणे भागच असेल तर ते काम सर्वांच्या आधी उरकावे व त्यानंतर निदान पंधरा दिवस त्या खोलीत धान्य ठेवू नये. रंग चालू असता समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. एकाच उघड्या दाराने हवा खेळत नाही. ताज्या रंगाच्या खोलीत मुलांना निजवू नये व दर्प पुरता जाईपर्यंत तेथे चूल किंवा दिवा लावू नये. रंगाऱ्यालाही मधून मधून बाहेर मोकळ्या हवेत येऊ द्यावे. घरच्यांपेक्षा अधिक वाफ त्याच्याच छातीत जाते.

खोली तयार झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर दारे-खिडक्या बंद ठेवून सकाळी खोली उघडावी. आत शिरताच दर्प आला किंवा भिंतीला तळहात लावल्यावर ओलसर गारवा जाणवला, तर धान्यासाठी आणखी काही दिवस थांबावे. दर्प नसेल व भिंत कोरडी असेल, तर जमिनीवर लाकडी फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून पोत्यांची थप्पी लावावी. चार महिने चिखलात राबून मिळविलेले धान ज्या घरात येते, त्या घराची हवा आधी स्वच्छ असावी.